सह्याद्रीचं वय आणि लेझरचा ठिपका

किल्ल्यांच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मेसेज आले. किल्ला कोणी बांधला ते कळलं, पण ज्या कातळावर तो उभा आहे तो कधीचा? यावर कोणीतरी लगेच उत्तरही दिलं, ६.६ कोटी वर्षं. त्याखाली एकाने विचारलं, "हे मोजलं कोणी? आणि कसं?" मला हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आवडला. आजचा भाग त्याच्यावर.

कारण ६.६ कोटी हा आकडा आपण एसटीचं तिकीट सांगावं तसा सांगतो. पण माझ्या आईवडिलांच्या शाळेच्या दिवसांत तो असा ठाम नव्हताच. दख्खनच्या लाव्हाचे जे नमुने तोवर मोजले गेले होते, त्यांची वयं साधारण ८ कोटींपासून ३ कोटींपर्यंत पसरलेली होती. म्हणजे ज्वालामुखी ५ कोटी वर्षं अधूनमधून धुमसत होता म्हणायचं का? तसं असेल तर डायनासोर मरण्याशी त्याचा संबंध लावण्यात काही अर्थच नाही. इतक्या संथपणे बाहेर येणाऱ्या लाव्हाने कोण मरणार? आणि तो सगळा लाव्हा काही लाख वर्षांत ओतला गेला असेल, तर मात्र गोष्ट पूर्ण वेगळी होते. तेव्हा सह्याद्रीचं वय नीट मोजता येणं हा नुसता सामान्यज्ञानाचा मुद्दा नव्हता.

आता घड्याळ कसं चालतं ते बघू. दगडात पोटॅशियम असतं. त्यातला अगदी थोडा भाग, १०,००० अणूंमागे एखादा, पोटॅशियम-४० या किरणोत्सर्गी जातीचा असतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. तो फुटला की बहुतेक वेळा कॅल्शियम होतो, पण साधारण दहातल्या एका वेळी आर्गॉन-४० होतो. आर्गॉन हा वायू. कोणाशी बोलत नाही, कोणाशी जोडला जात नाही. लाव्हा वितळलेला असताना तो निसटून जातो; लाव्हा थिजला, स्फटिक तयार झाले, की पुढे तयार होणारा आर्गॉन आतच अडकतो. अडकलेला आर्गॉन मोजा, पोटॅशियम मोजा, वय काढा. ऐकायला सोपं आहे.

करायला का अवघड, ते एका हिशोबात कळेल. सह्याद्रीच्या दगडातले पोटॅशियम-४० चे १,००० अणू घेतले तर ६.६ कोटी वर्षांत त्यातले सुमारे ३६ फुटले. त्या ३६ पैकी आर्गॉन झाले जेमतेम ४. आणि मुळात बेसॉल्टमध्ये पोटॅशियमच कमी. त्यात आपण सगळे ज्या हवेत बसलोय तिच्यात जवळपास एक टक्का आर्गॉन आहे! कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट. दगडाच्या भेगांत, उपकरणाच्या भिंतींवर, सगळीकडे हवेतला आर्गॉन चिकटून बसलेला असतो. त्यातून दगडाचा स्वतःचा आर्गॉन वेगळा काढायचा, म्हणजे दादर स्टेशनवर संध्याकाळी सहा वाजता घरातल्या कोणाची तरी शिट्टी ओळखण्यासारखं आहे.

सुरुवातीची पद्धत, पोटॅशियम-आर्गॉन, यात आणखी एक गोची होती. नमुन्याचे दोन भाग करायचे. एकात पोटॅशियम मोजायचं, दुसरा वितळवून आर्गॉन. दोन्ही तुकडे अगदी सारखे आहेत असं धरून चालायचं. आणि दगड एकदम पूर्ण वितळवायचा, म्हणजे आत काय बिघडलं होतं ते कळायला मार्गच नाही. दख्खनचा दगड तर पावसात भिजलेला, त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट भरलेले, कडेकडेने माती होत चाललेली. नाशिक-जळगावकडचे ते सुंदर पांढरे-हिरवे स्फटिक प्रदर्शनात बघायला छान, पण लाव्हातून नंतर पाणी खेळलं याचा तो पुरावा. अशा दगडातून आर्गॉन गळतो आणि वय कमी येतं. कधी उलट, खोलवरून आलेला जास्तीचा आर्गॉन आत राहतो आणि वय वाढतं. ८ कोटी ते ३ कोटी हा पसारा बराचसा यातून आला होता.

इथे दोन माणसं येतात. क्रेग मेरिह्यू आणि ग्रेनव्हिल टर्नर, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये. त्यांची युक्ती अशी की पोटॅशियम वेगळं मोजायचंच नाही. नमुना अणुभट्टीत ठेवायचा. तिथले वेगवान न्यूट्रॉन साध्या पोटॅशियम-३९ च्या काही अणूंचं आर्गॉन-३९ करून टाकतात. म्हणजे आता पोटॅशियमचा हिशोबही आर्गॉनच्याच रूपात आला. एकाच तुकड्यातून, एकाच वेळी, दोन आर्गॉनचं गुणोत्तर मोजायचं. न्यूट्रॉन नेमके किती लागले हे कळावं म्हणून शेजारी आधीच वय माहीत असलेला स्फटिक ठेवायचा. शोधनिबंध १९६६ साली छापून आला, पण मेरिह्यूने तो बघितला नाही. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर गिर्यारोहण करताना त्याचा मृत्यू झाला होता. टर्नरने पुढे शेफिल्डला जाऊन हीच पद्धत वापरून अपोलो ११ ने आणलेल्या चंद्रावरच्या दगडांची वयं काढली. सुमारे ३७० कोटी वर्षं.

या पद्धतीचा खरा फायदा टर्नरने दाखवला तो वेगळाच होता. दोन्ही आर्गॉन एकाच तुकड्यात असल्यामुळे दगड एकदम वितळवायची गरज उरली नाही. हळूहळू, टप्प्याटप्प्याने तापवायचा. थोडी उष्णता, थोडा वायू, एक वय. आणखी उष्णता, आणखी वायू, पुन्हा वय. सुरुवातीच्या टप्प्यांत कडेचा, सडलेला, हवेचा आर्गॉन निघून जातो. मधल्या टप्प्यांत वयं एका रेषेत येऊ लागली, सलग तीन-चार-दहा टप्पे तेच उत्तर देऊ लागले, की ते दगडाचं वय. आलेखावर तो भाग सपाट दिसतो, म्हणून त्याला पठार म्हणतात. आपल्या बाबतीत पठाराचं वय पठारावरून ठरतं, ही गंमत इंग्रजीतही जमते.

पण तापवायचं कशात? भट्टीत. धातूची मूस, भोवती विजेवर चालणारी भट्टी, सगळं निर्वात. आणि इथे अडचण. एका मोहरीएवढ्या दाण्यासाठी तुम्ही हाताएवढी मूस हजार-बाराशे अंशांपर्यंत तापवता. मूस तापली की तिच्यातून, भट्टीच्या भिंतींतून स्वतःचा आर्गॉन सुटतो. भडभुंज्याने एक शेंगदाणा भाजायला अख्खी भट्टी पेटवावी आणि मग वास शेंगदाण्याचा किती, राखेचा किती, असं विचारत बसावं, तसं. यावर उपाय एकच होता, जास्त नमुना घ्या. म्हणजे पुन्हा चांगले-वाईट दाणे एकत्र.

लेझरचा शोध १९६० चा. पुढच्या सात वर्षांत जॉर्ज मेग्रू या शास्त्रज्ञाने लाल माणकाच्या लेझरची एकेक चमक उल्केच्या तुकड्यांवर मारून त्यांतले वायू मोजले होते. पण तो एक झटका असायचा. टप्प्याटप्प्याने तापवणं त्याने जमणारं नव्हतं. टोरांटो विद्यापीठातल्या डेरेक यॉर्क आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवलं की सतत चालणारा लेझर वापरला तर पृथ्वीवरच्या साध्या खनिजांचंही वय असं काढता येतं. किरण बारीक ठेवा, शक्ती हळूहळू वाढवा. दाणा तापतो, बाकी सगळं थंडच राहतं. भिंती तापल्याच नाहीत तर त्यांचा आर्गॉन सुटणार कुठून? आणि गंमत अशी की त्यांचा तो लेझर आर्गॉन-आयन लेझर होता. आर्गॉन मोजायला आर्गॉनच.

मला हा टप्पा या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लेझर म्हटलं की आपल्या डोक्यात काहीतरी प्रचंड, भेदून जाणारं येतं. इथे त्याची किंमत ताकदीत नव्हती. तो एवढ्याशाच जागेला तापवतो आणि बाकीच्या जगाला हात लावत नाही, यात होती.

एवढ्याशा जागेचं महत्त्व कळायला केनियात जाऊन येऊ. तुर्काना सरोवराजवळच्या कूबी फोरा इथे राखेचा एक थर आहे, त्याला केबीएस टफ म्हणतात. त्याच्या खाली १९७२ साली रिचर्ड लीकींच्या पथकातल्या बर्नार्ड न्गेनेओ यांना माणसाच्या पूर्वजाची प्रसिद्ध १४७० क्रमांकाची कवटी सापडली. थराचं वय म्हणजे कवटीचं किमान वय. राखेच्या पहिल्या नमुन्याने दिलं २० कोटींच्या वर! नंतर निवडून घेतलेल्या नमुन्यांनी दिलं २६ लाख. दुसऱ्या प्रयोगशाळेने दिलं १६ ते १८ लाख. शेवटी रानडुकरांच्या जीवाश्मांनीही या भांडणात साक्ष दिली. १९८० च्या आसपास उत्तर १८-१९ लाखांवर स्थिर झालं. २० कोटी कुठून आले? नदीने राख वाहून आणताना वाटेतले जुन्या दगडांचे दाणे मिसळले होते. मूठभर दाणे एकत्र वितळवले की तरुण आणि म्हातारे यांची सरासरी मिळते आणि ती सरासरी कोणाचंच वय नसते. लेझर आल्यावर एकेक दाणा वेगळा वितळवता येऊ लागला. म्हातारा दाणा आलेखावर वेगळाच उठून दिसतो, त्याला बाजूला काढायचं.

"हे सगळं बरोबर, पण पद्धत खरी कशावरून?" असं तुम्ही विचाराल. बर्कलीच्या पॉल रेनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली त्याचीच परीक्षा घेतली. व्हेसुव्हियसचा स्फोट इसवी सन ७९ मधला. धाकट्या प्लिनीने तो लांबून पाहिला आणि पत्रांत लिहून ठेवला, म्हणजे उत्तर आधीच माहीत. १९९७ मधून ७९ वजा केले की १,९१८ वर्षं. या लोकांनी त्या स्फोटातले सॅनिडिनचे दाणे लेझरने टप्प्याटप्प्याने तापवले. उत्तर आलं १,९२५ वर्षं, अधिक-उणे ९४. १२५ कोटी वर्षांचं अर्धायुष्य असलेल्या घड्याळाने दोन हजार वर्षांखालची गोष्ट सांगितली. त्या दाण्यांत थोडा जास्तीचा आर्गॉनही अडकला होता, आणि टप्प्याटप्प्याने तापवलं म्हणूनच तो ओळखू आला. नाहीतर प्लिनी खोटा पडला असता.

आता परत घरी. सह्याद्रीच्या बाबतीत पहिला मोठा बदल लेझरशिवायच झाला, हे मुद्दाम सांगतो, कारण श्रेय ज्याचं त्याला द्यावं. १९८८ साली पॅरिसच्या व्हिन्सेंट कूर्तियोंच्या गटाने आणि अमेरिकेत डंकन व पाइल यांनी आर्गॉन-आर्गॉनने दाखवलं की लाव्हा ५ कोटी वर्षं नव्हे, त्याच्या अगदी छोट्या भागात, साडेसहा कोटींच्या आसपास ओतला गेला. दगडात गोठलेलं चुंबकत्वही तेच सांगत होतं. १९९३ साली अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेतल्या वेंकटेशन व पांडे यांनी आणि त्यांचे सहकारी गोपालन यांनी पश्चिम घाटाचे नमुने मोजून विचारलं की यातला बराचसा लाव्हा डायनासोर संपण्याच्या आधीच बाहेर आला नव्हता ना? त्या काळी त्यांचे नमुने न्यूट्रॉन खायला कुठे जायचे माहितीये? आपल्या तुर्भ्याला, बीएआरसीच्या अप्सरा अणुभट्टीत. मुंबईच्या साकीनाका आणि मनोरीच्या ट्रॅकाइट दगडांचं वय याच प्रयोगशाळेत निघालं, ६ कोटी आणि त्याच्या थोडं वर. म्हणजे मुंबई बाकीच्या सह्याद्रीपेक्षा चांगली ४०-५० लाख वर्षांनी लहान. पुणेकरांनी याचा वापर जपून करावा.

पण डायनासोरांचा प्रश्न लाखांत नाही, हजारांत सुटणार होता. मेक्सिकोच्या चिक्शुलुबला उल्का आदळली ती सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. रेनीच्या गटाने २०१३ मध्ये हैतीत मिळालेल्या काचेच्या गोळ्या आणि अमेरिकेतल्या मोंटानातली राख मोजून दाखवलं की उल्का आणि सामूहिक विनाश या दोन घटना ३२,००० वर्षांच्या आत एकत्र बसतात. मग सह्याद्रीचा लाव्हा त्या क्षणाच्या आधी किती, नंतर किती? आपल्याकडच्या थरांची नावं तुम्हाला आवडतील. खालून वर: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. ट्रेकच्या ग्रुपवरची यादी वाटते, पण जगभरच्या भूशास्त्राच्या शोधनिबंधांत हीच नावं आहेत. प्रश्न असा की विनाशाची रेघ यातल्या कुठल्या दोन नावांमध्ये जाते?

यासाठी बेसॉल्टमधला प्लॅजिओक्लेज नावाचा पांढुरका स्फटिक वेचावा लागतो. त्यात पोटॅशियम फारच थोडं, त्यामुळे एकेक दाणा वेगळा मोजणं परवडत नाही, पुष्कळ दाणे एकत्र घ्यावे लागतात. आणि तो जवळजवळ पारदर्शक. यॉर्कचा हिरवा-निळा किरण अशा दाण्यातून काचेतून जावा तसा आरपार जातो, दाणा तापतच नाही. म्हणून इथे कार्बन डायऑक्साइड लेझर लागतो. त्याचा किरण डोळ्यांना न दिसणारा, दूरच्या अवरक्त पट्ट्यातला, आणि फेल्डस्पारच्या जातीचे स्फटिक तो छान शोषतात. बर्कलीत नमुना धातूच्या चकतीवरच्या खळग्यांत ठेवतात. चकती बंद पेटीत, पेटीतली हवा पंपाने ओढून काढलेली. वर झिंक सेलेनाइडची खिडकी, कारण साधी काच हा किरण अडवते. किरण भिंगाने पसरवून सगळ्या दाण्यांवर सारखा पाडायचा. मग वॉट वॉट वाढवत जायचं. निघालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ, नायट्रोजन हे सगळं झिर्कोनियमच्या मिश्रधातूची गोळी खाऊन टाकते. आर्गॉन कोणाशीच जुळत नसल्याने तो तेवढा मागे उरतो आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो. मग पुढचा टप्पा, पुन्हा तेच. एका नमुन्याचे असे कितीतरी टप्पे.

लेझरची एक कमजोरीही आहे. शक्ती किती दिली ते कळतं, दाण्याचं नेमकं तापमान सांगणं कठीण जातं. ज्यांना तापमानाचाच इतिहास हवा, ते आजही भट्टीकडे जातात, आणि बरोबर करतात.

२०१५ मध्ये रेनीच्या गटाने म्हटलं की उल्केनंतरच्या साधारण ५०,००० वर्षांत सह्याद्रीच्या लाव्हाची चाल बदलली. उद्रेक कमी वेळा, पण मोठे. कदाचित त्या धक्क्यानेच. आणि मग आला फेब्रुवारी २०१९. एकाच आठवड्यात, 'सायन्स' या एकाच नियतकालिकात, याच डोंगरावरचे दोन शोधनिबंध. एक कोर्टनी स्प्रेन, रेनी आणि सहकाऱ्यांचा, आर्गॉन-आर्गॉनचा. त्यात आयआयटी मुंबईचे कांचन पांडे, तेच १९९३ वाले. दुसरा प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन आणि सहकाऱ्यांचा, त्यात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री. दुसऱ्या गटाने लाव्हाला हातच लावला नाही. दोन लाव्हांच्या मधे जी लाल मातीची पट्टी असते, तिच्यात पडलेल्या राखेतले झिरकॉन त्यांनी वेचले आणि युरेनियम-शिशाच्या घड्याळाने मोजले.

उत्तरं? स्प्रेन म्हणते, विनाशाची रेघ बुशे आणि पोलादपूर यांच्या आसपास, आणि साधारण ७५ टक्के लाव्हा त्यानंतरचा. शोएन म्हणतो, लाव्हा चार मोठ्या उमाळ्यांत आला आणि त्यातला दुसरा उल्केच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला. पहिलं खरं मानलं तर बहुतेक सह्याद्री डायनासोर गेल्यानंतरचा, त्याच्यावर आळ घेणं कठीण. दुसरं मानलं तर उल्का पडली तेव्हा सह्याद्रीने जगाचा श्वास आधीच कोंडत आणला होता.

मला वाटतं, दोघांच्या मांडणीतला फरक आकड्यांतल्या फरकापेक्षा मोठा आहे. २०२१ मध्ये शोएन आणि इतरांनी दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून पाहिले तेव्हा अनिश्चितता धरून ते बऱ्यापैकी जुळले. वेगाचे ते झोकदार आलेख कसे काढले यावर बरंच अवलंबून होतं. प्लॅजिओक्लेजची अडचण ही की त्याची अनिश्चितता अनेकदा लाख वर्षांच्या वर जाते. झिरकॉन जास्त अचूक, पण तो लाव्हाचा नव्हे, मधल्या राखेचा. शिवाय लाव्हाचं वय कळलं तरी त्यातून वायू कधी सुटला हे कळत नाही. तो आधीच निघून गेला असू शकतो, हे स्प्रेनच्याच निबंधात आहे.

पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी घाटाने कधी चढलात तर कडेच्या कातळात या लाल पट्ट्या शोधा. फुटा-दोन फुटांची, विटकरी रंगाची पट्टी, वर-खाली काळा दगड. गाडी वळणावर थांबवू नका, पुढे जागा बघून थांबवा. फोटो पाठवलात तर पुढच्या भागात त्या पट्टीबद्दलच बोलू, म्हणजे दोन लाव्हांच्या मधे तिथे माती व्हायला किती वेळ लागला असेल.